दोन महिने अंगावर, दहा महिने कपाटात

फेब्रुवारी सरत आला की पुण्या-नाशकात दुपारचे ऊन चटके देऊ लागते आणि घरोघरचे स्वेटर, शाली, मफलर कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातात. पुढची भेट थेट दिवाळीनंतर. मधल्या काळात उन्हाळा होतो, चार महिने पाऊस पडतो, भिंतींना ओल येते. नोव्हेंबरात घडी उलगडावी, तर शालीच्या ऐन मध्यावर बारीक भोके पडलेली असतात, नाहीतर स्वेटरच्या गळ्याशी गेल्या हिवाळ्यात न दिसलेला पिवळट डाग उमटलेला असतो. लडाखमध्ये किंवा काश्मिरात लोकर वर्षातला मोठा काळ अंगावर असते. महाराष्ट्रात ती जेमतेम दोन महिने अंगावर आणि उरलेले दहा महिने कपाटात असते. त्यामुळे ती धुवायची कशी याच्याइतकाच ती ठेवायची कशी हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे, आणि दोन्हींची उत्तरे लोकरीच्या तंतूतच आहेत.

त्याआधी हातातला कपडा खरोखर लोकरीचा आहे का, हे बघायला हवे. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटरांची दुकाने मांडतात. तिथला बराच माल लुधियानातून येतो आणि त्यातले पुष्कळसे कपडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. घरी विणायला आणलेली ‘कॅशमिलॉनची लोकर’ हेही अ‍ॅक्रिलिकच. सत्कारात मिळणाऱ्या शालींतही खरी लोकर क्वचितच सापडते. शाल अंगठीतून आरपार जाते का, ही परीक्षा लोकप्रिय असली तरी उपयोगाची नाही. पातळ व्हिस्कोजची शालही अंगठीतून सहज जाते. त्यापेक्षा कपड्याच्या आतल्या शिवणीतून एक सुटा धागा काढून, चिमट्यात धरून, मोरीजवळ जाळून बघावा. लोकर कुरकुरत जळते, केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती विझते आणि मागे उरलेली राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळत पेटते आणि शेवटी टणक, काळा मणी उरतो. अ‍ॅक्रिलिकचा कपडा साध्या पाण्यात साध्या साबणाने धुतला तरी चालतो. त्याला कसर खात नाही आणि तो आटतही नाही. पुढचे सगळे पथ्यपाणी खऱ्या लोकरीसाठी आहे.

केसाची घडण

लोकर म्हणजे प्राण्याचा केस. कापूस हा वनस्पतीचा तंतू, तो सेल्युलोजचा असतो. लोकर केराटिन नावाच्या प्रथिनाची असते. आपले केस, नखे, गाईची शिंगे, पक्ष्यांची पिसे हीसुद्धा केराटिनचीच. कापडाच्या दुकानात सुती आणि लोकरी कापड शेजारी मांडलेले असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे काही नाते नाही. सुती कपड्याच्या सवयीने लोकर धुतली की ती बिघडते, ती यामुळे.

तंतू किती बारीक, यावर लोकरीचा मऊपणा ठरतो. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. मेरिनो मेंढीच्या चांगल्या लोकरीचा तंतू 17 ते 24 मायक्रॉनचा, तर लडाखमधल्या चांगथांगी शेळीच्या पश्मचा 12 ते 15 मायक्रॉनचा. चांगथांग हे चार हजार मीटरहून उंचावरचे पठार. हिवाळ्यात तिथला पारा उणे 30 अंशांच्याही खाली जातो. त्या थंडीत शेळीच्या राठ केसांखाली जी मऊ लव येते, तीच पश्म. उन्हाळ्याच्या सुरुवातीला चांगपा पशुपालक ती फणीने विंचरून काढतात. एका शेळीपासून वर्षाला पाव किलोच्या आसपास कच्चा माल मिळतो, आणि राठ केस व मळ काढल्यावर त्यातला निम्म्याहून कमी उरतो. जगाच्या बाजारात ज्याला कॅशमीअर म्हणतात, तो याच जातीचा तंतू. चीन आणि मंगोलिया हे त्याचे सर्वांत मोठे उत्पादक. ‘काश्मीर पश्मीना’ला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी तंतू 16 मायक्रॉनपर्यंतचा हवा, सूत हाताने कातलेले आणि कापड हातमागावर विणलेले हवे.

बारीक असो की जाड, सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले दिसतात. छपरावरची कौले जशी एकावर एक, उताराच्या दिशेने रचलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. पाणी लागले की तंतू फुगतो, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. अशा वेळी कपडा चोळला, आपटला किंवा मशीनमध्ये घुसळला, तर प्रत्येक धक्क्यासरशी शेजारशेजारचे तंतू एकमेकांत पुढे सरकतात आणि तिथेच अडकतात. मागे यायची वाटच नसते. कापड आटते, जाड होते, विणीचे टाके दिसेनासे होतात. मोठ्या माणसाचा स्वेटर मशीनमधून लहान मुलाच्या मापाचा होऊन निघतो, त्याचे कारण हे.

बहुतेकांचा समज असा की, लोकर गरम पाण्याने आटते. उष्णतेमुळे तंतू अधिक फुगतो आणि लवचीक होतो, हे खरे, पण खरे नुकसान घर्षणाने होते. कोमट पाण्यात नुसता बुडवून ठेवलेला स्वेटर फारसा आटत नाही. थंड पाण्यात तावातावाने चोळलेला नक्की आटतो. उष्णता, सोडा आणि घर्षण तिन्ही एकत्र आली, की कपडा वाचत नाही.

हाच गुण माणसाने हजारो वर्षे कामालाही लावला आहे. काश्मीरचा नमदा विणलेला नसतो. लोकर पसरून, ओली करून, साबणाचे पाणी मारून, गुंडाळून दाबत-लाटत राहिले की तंतू एकमेकांत गुंतून जाड पट तयार होतो. महाराष्ट्रातला जुना बुरणूसही असाच, न विणता दाबून केलेला. घोंगडी मात्र विणलेली असते. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची राठ लोकर, सनगरांचा माग आणि चिंचोक्याची खळ यांतून ती उभी राहते. घोंगडीला ऊठसूट धुवायची पद्धत नाही. ती झटकायची, वाऱ्यावर टाकायची, पुन्हा वापरायची. या सवयीमागे पक्के निरीक्षण आहे, आणि मऊ पश्मीन्यालाही ते तितकेच लागू पडते.

सोड्याचे पाणी आणि अळीचे पोट

केराटिनला बळकटी येते ती त्यातल्या गंधकाच्या जोड्यांमुळे. प्रथिनाच्या साखळ्या या जोड्यांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. त्या तोडायच्या तर अल्कली हे सोपे हत्यार. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि तिच्या पाण्याचा सामू 10 ते 11 असतो. सुती चादरीचा मळ त्यात छान निघतो. लोकर मात्र खरखरीत, पिवळट आणि कमकुवत होते. आजच्या अनेक पावडरींत आणि द्रव साबणांत प्रोटिएज नावाची विकरेही घातलेली असतात. दुधाचे, रक्ताचे, घामाचे डाग ही प्रथिने. ती पचवायचे काम ही विकरे करतात. पण डागातले प्रथिन आणि कपड्याचे प्रथिन असा भेद त्यांना कळत नाही. क्लोरीनचे ब्लीच याहून वाईट. लोकरीचा धागा घरातल्या ब्लीचमध्ये टाकून ठेवला, तर तो काही वेळात विरघळून नाहीसा होतो. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करून बघता येते.

कपड्यांची कसर जगते ती याच रसायनावर. केराटिन पचवू शकणारे प्राणी फार थोडे. कसरीच्या अळीच्या पोटातले रस तीव्र अल्कलीयुक्त असतात, शिवाय गंधकाच्या जोड्या तोडणारे असतात. जोड्या सुटल्या की विकरे प्रथिन पचवतात. म्हणजे सोडा आणि विकरे घातलेल्या बादलीत लोकर भिजवून ठेवणे आणि ती कसरीच्या स्वाधीन करणे, यांत फरक उरतो तो वेगाचा.

मग धुवायची कशाने? जुने उत्तर रिठा. रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो, मळ सुटतो, आणि ते पाणी अल्कली नसते. पाच-सहा रिठ्यांची टरफले रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, पाणी गाळून घ्यावे. पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यावर मात्र या तपकिरी पाण्याची झाक राहू शकते. दुकानात मिळणारे लोकरीसाठीचे द्रव साबण सौम्य असतात. बाटलीवर ‘लोकर व रेशीम’ लिहिलेले आहे ना, एवढे बघावे. अडीनडीला लहान मुलांचा शांपूही चालतो. अंगाचा वा कपड्यांचा वडीचा साबण टाळावा. बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका धरतो आणि तो तंतूंत अडकून बसतो.

बादलीपासून वाळवणापर्यंत

ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट 1822-23 मध्ये काश्मिरात होता. शालीच्या धंद्याची इतकी बारीक नोंद त्याच्याआधी फार थोड्यांनी केली असेल. त्याचे प्रवासवर्णन 1841 मध्ये छापले गेले. त्यात शाल धुण्याची रीत आहे: स्वच्छ थंड पाणी, साबण अगदी जपून आणि फक्त पांढऱ्या भागाला, भरतकामाला अजिबात नाही, रंगीत शाल वाळवायची ती सावलीत. दोनशे वर्षांत रसायनशास्त्र कुठच्या कुठे गेले, पण या रीतीत बदल करावा असे फारसे काही सापडलेले नाही.

घरी धुताना आधी रंग तपासावा. पांढरा फडका ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूला दाबून धरावा. फडक्याला रंग लागला तर तो कपडा घरी धुऊ नये. जरीची किंवा दाट सोझनी भरतकामाची शालही जाणत्या ड्रायक्लीनरकडेच द्यावी. बाकीच्यांसाठी बादलीपेक्षा पसरट टब बरा. स्वेटर धुण्याआधी टेप घेऊन छाती, लांबी आणि बाहीचे माप कागदावर लिहून ठेवावे, याचा पुढे उपयोग होतो. पाणी 30 अंशांचे, म्हणजे हाताला ना गरम ना गार लागणारे. साबण आधी पाण्यात पूर्ण विरघळवावा आणि मगच कपडा उलटा करून बुडवावा. तळव्यांनी हलकेच दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. गळा, मनगट आणि काखेच्या जागी थोडे जास्त दाबावे. चोळणे, आपटणे, ब्रश मारणे सगळे वर्ज्य. पाच ते दहा मिनिटे पुरतात, तासन्‌तास भिजत ठेवण्यात काही मिळत नाही.

कपडा पाण्याबाहेर काढतानाच सर्वाधिक चुका होतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा आत शोषून घेते, आणि त्याशिवाय विणीत भरलेले पाणी वेगळेच. त्यात ओला तंतू कोरड्यापेक्षा कमकुवत. खांद्याला धरून स्वेटर वर उचलला की तो स्वतःच्याच भाराने लांबतो. म्हणून दोन्ही हात खाली घालून, आधार देऊन, गोळा करून उचलावा. खळबळून काढण्याचे पाणी पहिल्या पाण्याइतकेच कोमट असावे. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घातले, तर उरलेसुरले अल्कली निघून जाते. लोकरीला किंचित आम्लधर्मी पाणी मानवते.

पिळायचा नाही. कोरड्या टॉवेलवर कपडा पसरावा, टॉवेलसकट गुंडाळी करावी आणि ती वरून दाबावी. टॉवेल ओला होतो आणि कपडा निथळलेला मिळतो. मग दोरीवर न टांगता खाटेवर, जाळीवर किंवा टेबलावर दुसरा सुका टॉवेल घालून त्यावर आडवा पसरावा. लिहून ठेवलेले माप आता काढावे. स्वेटर दोन सेंटिमीटर आखूड वाटला, तर ओला असतानाच हलक्या हाताने ओढून मापात आणता येतो. वाळल्यावर तो ऐकत नाही. ऊन थेट लागू देऊ नये, अतिनील किरणांनी पांढरी लोकर पिवळी पडते आणि रंगीत विटते. पंख्याखाली एक-दोन दिवसांत कपडा वाळतो. इस्त्री करायचीच झाली तर वर ओले सुती फडके घालून, फक्त वाफ देऊन.

कपड्याच्या आतल्या पट्टीवरची चिन्हे हेच सांगत असतात. पाण्याच्या भांड्यात हात दाखवला असेल तर हाताने धुवा, 40 अंशांपलीकडे पाणी नको. भांड्यावर फुली म्हणजे पाण्यात घालूच नका. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनात आडवी रेघ म्हणजे आडवे वाळवा, आणि कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा म्हणजे सावलीत. नुसते वर्तुळ ड्रायक्लीनिंगचे. सुताच्या गुंडाळीचे वूलमार्क चिन्ह 1964 पासून वापरात आहे; ते शुद्ध नव्या लोकरीची खूण आहे. काही मेरिनो कपड्यांवर ‘सुपरवॉश’ लिहिलेले असते. त्या लोकरीचे खवले क्लोरीनने बोथट करून तंतूवर बहुवारिकाचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून ती मशीनच्या लोकरीच्या कार्यक्रमात, जाळीच्या पिशवीत घालून धुता येते. साधा कॅशमीअरचा स्वेटर या सवलतीत बसत नाही.

ड्रायक्लीनिंग म्हणजे पाण्याऐवजी द्रावकात धुणे. पाणी नसल्याने तंतू फुगत नाही आणि कपडा आटत नाही, हा त्याचा मोठा फायदा. परंतु अनेक वर्षे सर्रास वापरले गेलेले परक्लोरोएथिलीन हे द्रावक माणसासाठी बहुधा कर्करोगकारक मानले जाते, आणि अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम केला. ड्रायक्लीन होऊन आलेला कपडा प्लास्टिकमधून लगेच काढून वाऱ्यावर ठेवावा.

मुळात लोकर वारंवार धुवावीच लागत नाही. ती घामाची वाफ आत घेते आणि हवेत सोडून देते, त्यामुळे सुती किंवा पॉलिएस्टरच्या मानाने तिला वास कमी लागतो. एकदा वापरलेला स्वेटर रात्रभर खुर्चीवर मोकळा टाकावा आणि एक-दोन दिवस विश्रांती देऊनच पुन्हा घालावा. काखेखाली आणि बाह्यांवर गुठळ्या धरल्या म्हणून माल वाईट ठरत नाही. मऊ लोकरीचे तंतू आखूड असतात, ते घासून वर येतात आणि गोळा होतात. या गुठळ्या ओढून तोडू नयेत. बारीक दातांच्या फणीने, कपडा सपाट ठेवून, एकाच दिशेने काढाव्यात.

कपाटातले दहा महिने

महाराष्ट्रातल्या लोकरीचा खरा कस इथे लागतो. कसरीचा पतंग सहा-सात मिलिमीटरचा, फिकट सोनेरी, उजेड टाळणारा. हा पतंग काहीच खात नाही. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते आणि त्यांतून निघालेल्या अळ्या कापड खातात. नुसत्या स्वच्छ लोकरीवर त्या नीट पोसत नाहीत. घाम, तेल आणि अन्नाचे अंश त्यांना हवे असतात. म्हणून भोके बहुधा गळ्याशी, काखेत किंवा आमटी सांडलेल्या जागी पडतात. फेब्रुवारीत ‘दोनदाच तर घातला’ म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर म्हणजे अळ्यांसाठी वाढून ठेवलेले ताट. हिवाळ्यात एकदाही धुतला नाही तरी चालेल, पण आत ठेवण्याआधी कपडा धुवायलाच हवा. तो पूर्ण वाळलेलाही हवा, कारण कोकणात आणि घाटमाथ्यावर उरलेल्या ओलीवर बुरशी चढायला वेळ लागत नाही.

ठेवताना स्वेटर हँगरला लावू नये, खांदे लोंबतात. घडी घालून, जुन्या सुती साडीत किंवा मलमलीच्या फडक्यात गुंडाळावा. डांबरगोळ्या बंद ट्रंकेतच काम करतात, उघड्या कप्प्यात त्यांची वाफ उडून जाते. त्या नॅफ्थलिनच्या असतात आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत त्या धोक्याच्या ठरतात. जी-6-पी-डी या विकराची कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले दुपटे वापरल्याने रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बाळाच्या लोकरी कपड्यांत त्या ठेवूच नयेत. वेखंडाचे तुकडे, लवंगा, कडुनिंबाचा सुका पाला हे घरगुती उपाय पतंगाला दूर ठेवायला थोडीफार मदत करतात, पण आधीच घातलेली अंडी आणि अळ्या त्याने मरत नाहीत. त्यासाठी फ्रीजर उपयोगी. कोरडा कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांत दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतली वाफ कपड्यावर जमते.

पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, सगळे बाहेर काढून झटकावे. उजेड आणि हालचाल कसरीला सोसत नाही. पुन्हा ठेवताना घडी वेगळ्या जागी मोडावी. वर्षानुवर्षे एकाच रेषेत दुमडलेला पश्मीना तिथेच विरतो.

इतके करूनही भोक पडलेच, तर शाल टाकून देण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या शाली सांधण्यासाठी ओळखले जातात. चांगला रफूगर नवा धागा आणत नाही. त्याच शालीच्या काठातून सूत काढतो, भोकाभोवतीचे ताणे आणि बाणे मोजतो आणि सुईने तीच वीण पुन्हा उभी करतो. त्याच्याकडे नेण्याआधी शाल धुतलेली हवी, म्हणजे एखादी अळी आत राहून शेजारी दुसरे भोक पाडणार नाही. भोकाच्या कडेचे लोंबणारे धागे कात्रीने साफ करू नयेत, कारण वीण कुठून सुरू झाली हे त्याला तेच सांगतात. नव्या शालीबरोबर सुट्या सुताची लडी आली असेल, किंवा काठाच्या दशा कापाव्या लागल्या असतील, तर ते सूत पाकिटात घालून, वर शालीचा रंग आणि खरेदीचे साल लिहून जपून ठेवावे. पुढेमागे रफूगर पहिल्यांदा तेच मागेल.